इमादशाहीत पाऊस

शेजारच्यांचा मुलगा नोकरीपायी युरोपात आहे. त्यानं व्हिएन्नात नाश्ता आणि ब्रातिस्लावात जेवण केल्याचे फोटो पाठवले, तेव्हापासून आमच्या मेहुण्यांची झोप उडाली. सकाळी ऑस्ट्रिया, दुपारी स्लोव्हाकिया, रात्री परत घरी! मेहुणे अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाला आहेत. कापूस यायचा तो दिवाळीच्या आगेमागे. श्रावणात जिनिंगमध्ये उंदीर आणि मेहुणे एवढेच हजर असतात. त्यांचा फोन आला, "जवाईबुवा, आपल्याले काऊन जमत नाही? सकायी निंगू, तीन देश पाहू अन् रातच्याले घरी पिठलं खाऊ."

"तीन कोणते?"

"मध्यप्रदेश, इमादशाही अन् अमरावती."

आमची अमरावती परदेशात धरल्याबद्दल बायकोनं भावाशी दोन दिवस अबोला धरला. पण अस्सल अकोलेकराला बडनेऱ्याला उतरलं की परमुलूख लागल्यासारखं होतंच, आणि आम्हीही काही मूर्तिजापूरच्या पलीकडे जीव रमवून बसत नाही.

खरं तर देश बघायला घर सोडावं लागणं हे वऱ्हाडी माणसाला नवीनच. आमच्या आजोबांनी दर्यापूर तालुक्यातलं गाव जन्मभर सोडलं नाही आणि तरी त्यांची देशाटनं झाली. ते जन्मले तेव्हा वऱ्हाड मालकीनं निजामाचं आणि कारभारानं इंग्रजांचं होतं. १९०२ साली लॉर्ड कर्झननं ते निजामाकडून वर्षाला २५ लाखांच्या भाड्यानं कायमचं घेतलं. म्हणजे आजोबा भाडेकरूच्या भाडेकरूत जमा. पुढे १९३६ साली निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली, पण युवराज कधी वसुलीला आल्याचं गावात कुणाला आठवत नाही. मग सी.पी. अँड बेरार, १९५० पासून मध्यप्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. आजोबांची खाट मात्र त्याच ओसरीत, त्याच खांबाशी.

निघालो तेव्हा झड लागलेली. वऱ्हाडातली झड पडत नाही, मुक्काम करते. परतवाड्यापर्यंत गाविलगडाचे डोंगर दिसायला हवे होते; दिसले ते वायपर आणि पुढच्या ट्रकवरचं 'फिर मिलेंगे'. परतवाड्याच्या लाकूड डेपोत सागाचे ओंडके निवांत भिजत होते. पुढे खरपीचा रस्ता धरला आणि मेहुणे सावरून बसले. सीमा येणार होती.

सीमा आली आणि कळलीही नाही. अलीकडे संत्र्याची बाग, पलीकडे संत्र्याची बाग, दोन्हीकडे सारखाच चिखल. तिकडचा बैतूल आणि इकडची अमरावती ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात, नागपूर दोघांची राजधानी. पण मेहुण्यांना परदेश हवाच होता. पहिल्या टपरीवर उतरून त्यांनी खणखणीत हिंदी लावली, "भाईसाब, आपके प्रदेश में चाय का क्या भाव है?"

टपरीवाला स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाला, "बसा ना भौ. पाणी लय येऊन रायलं."

मेहुणे हिरमुसले, पण हिंदी सोडेनात. तो वऱ्हाडीत विचारतो, हे हिंदीत उत्तर देतात, असा अर्धा तास आंतरराष्ट्रीय संवाद झाला.

तिथून मुक्तागिरीला पोचलो. हे जैनांचं सिद्धक्षेत्र. डोंगराच्या कुशीत ५२ मंदिरं, पांढरीशुभ्र, आणि मधून कोसळणारा धबधबा. यात्रा कार्तिकात, श्रावणातल्या मधल्या वारी पायऱ्यांवर आम्ही, एक ओलं माकड आणि छत्री उलटी झालेलं एक कुटुंब. चपला काढून चढायला सुरुवात केली. पायऱ्यांवरून पाणी आम्हाला भेटायला खाली येत होतं. माकडानं मेहुण्यांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी घेतली, आत रेनकोट आहे असं पाहून तो अंगावर घालून पाहिला, आवडला नाही, आणि दरीत सोडून दिला.

ध्यानस्थ मुनींच्या समोर एक मेंढा कोसळला, मुनींनी त्याच्या कानात नमोकार मंत्र सांगितला आणि तो देवगतीला गेला, अशी इथली कथा. इथे केशराचा पाऊस पडतो अशीही श्रद्धा आहे. हे ऐकल्यापासून मेहुणे आपला पांढरा सदरा न्याहाळत होते. ठिपके होतेही, पण काळे. खरपीच्या वळणावर गाडी ढकलली त्याचे.

माणूस एरवी श्रद्धाळू नाही. त्याची परीक्षा एकच: पाणी. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णाकाठच्या त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी मिठाचं, चहा फाटतो, डाळ शिजत नाही. त्यामुळे मेहुणे परक्या मुलखात आधी पाणी चाखतात. धबधब्याखाली त्यांनी ओंजळ धरली, डोळे मिटले. "गोड आहे," म्हणाले, "देश चांगला आहे." एवढ्या निर्मळ मनानं कुठल्या राज्याला प्रशस्तिपत्र मिळालं असेल असं वाटत नाही.

परतताना इमादशाही. अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, १४९० पासून १५७४ पर्यंत स्वतंत्र राज्याची राजधानी होतं. संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरकडचा. लहानपणी पकडून आणलेला हिंदू मुलगा, पुढे वऱ्हाडचा सुलतान झाला. ८४ वर्षांनी अहमदनगरच्या निजामशहानं हे राज्य गिळलं. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रानं वऱ्हाडावर अन्याय करण्याची परंपरा चांगलीच जुनी.

गावाबाहेर हौज कटोऱ्याची अष्टकोनी इमारत शेतांमध्ये उभी आहे, बहमनी काळातली. भोवती तळं साचलं होतं. मेहुण्यांनी तिथलंही पाणी चाखण्याचा विचार केला, पण तिथे म्हशी आधीच चाखत होत्या.

"चौथा देश फुकटात दाखवतो," म्हणत ते मग स्टेशनवर घेऊन गेले. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटरची नॅरोगेज 'शकुंतला'. गाडी भारतीय रेल्वेची, रूळ मात्र स्वातंत्र्यानंतरही किलिक निक्सन या मूळच्या इंग्रज खाजगी कंपनीकडेच. आता गाडी बंद आणि रुळांमध्ये तरोटा माजलेला. मेहुण्यांनी कोवळा तरोटा भाजीसाठी खुडून रुमालात बांधला. इंग्रजांकडून एवढी वसुली झाली.

अमरावतीच्या वाटेवर मात्र सीमा बंद. नाल्याला पूर, रपट्यावरून पाणी, आणि अलीकडे काठी आडवी धरून एक म्हातारबा उभा. ना पासपोर्ट विचारला, ना कुठले म्हणून विचारलं. "दोन घंटे," एवढंच. दिवसभरात भेटलेला हा पहिला खरा सीमाधिकारी. मेहुण्यांनी त्याला तंबाखू देऊ केली. घेतली, पण काठी हलली नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन. मेहुण्यांनी हातातून ओढून घेतला आणि छाती फुगवून सांगितलं, "ताई, आमी इमादशाहीत अटकलो!"

"बरं," पलीकडून आवाज आला, "मंग येता येता तिथून पावभर मिरच्या आनजा."