तुम्ही नुसतं ढवळा

पोरीकडे न्यू ऑर्लीन्सला सहा महिने राहायला गेलो, तेव्हा सामानात दोन गोष्टी मी हट्टाने घेतल्या होत्या. एक, पाव किलो आमसुलं. दुसरी, स्वयंपाकातलं मला सगळं कळतं हा समज. आमसुलं विमानतळावर कुणी काढून घेतली नाहीत. समजही कुणी काढून घेतला नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

मी मूळचा कोल्हापूरचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रविवारचं मटण मी करतो. म्हणजे कांदे बायको चिरते, वाटण बायको वाटते, फोडणी बायको देते आणि मी झाकण काढून वास घेतो, ‘जरा मीठ’ म्हणतो. एवढ्या अनुभवाच्या बळावर मी शेजारीणबाईंना कुंपणावरून सांगितलं, की गंबो करायला लागलात तर हाक मारा, मदतीला येतो.

शेजारीणबाई सत्तरीच्या, पिढ्यान् पिढ्या त्याच शहरातल्या क्रिओल. समोरच्या प्रत्येकाला त्या ‘बेबी’ म्हणतात, वाण्याला, पोस्टमनला आणि मलाही. पहिल्यांदा बायकोसमोर मला ‘मॉर्निंग, बेबी’ म्हणाल्या तेव्हा बायकोने दोन दिवस माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. वय सहासष्ट, आणि बेबी!

ऑक्टोबरात पारा जरा उतरला की त्या गावाला गंबोचे डोहाळे लागतात. गंबो म्हणजे कोंबडी, धुरावलेलं आंदुई सॉसेज, कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची यांचा दाट रस्सा, भातावर ओतून खायचा. कांदा, सेलरी, मिरची या तिघांना तिथे ‘पवित्र त्रिमूर्ती’ म्हणतात. मला लगेच दत्तगुरू आठवले आणि हे आपलंच प्रकरण आहे अशी खात्री पटली. नातीने मला आधीच बजावलं होतं. २०१६ साली डिस्नेने टियाना राजकन्येच्या नावाने ‘पौष्टिक गंबो’ची चित्रफीत काढली. त्यात केल आणि किन्वा होता, पण तेलात भाजलेल्या मैद्याचा रू नव्हता. लुइझियानातली माणसं अशी खवळली, की ती फीत मागे घ्यावी लागली. “आजोबा, तिथे काही सुचवू नका,” नात म्हणाली. मी म्हटलं, “मी कशाला सुचवू?”

मग हाक आली, आणि रविवारी मी आणि बायको शेजारीणबाईंच्या स्वयंपाकघरात हजर. तिथे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान आधीच येऊन बसले होते. ते लाफायेतकडचे, म्हणजे केजन. १७५५ पासून इंग्रजांनी कॅनडातून हुसकून लावलेल्या फ्रेंच लोकांचे वंशज. इतकं सोसून आलेला माणूस टोमॅटो का सोसत नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारीणबाईंच्या हातात टोमॅटोचा डबा दिसताच ते म्हणाले, “म्हणजे आज स्पघेटीचा सॉस आहे का? मग शेवया कुठेत?”

“माझी आई घालायची,” शेजारीणबाई म्हणाल्या.

“माझी आई असती तर उठून गेली असती.”

बायको मला हळूच म्हणाली, “अहो, हे तर आपल्या आत्याबाईंचं आमटीतल्या गुळाचं भांडण.” मग शेजारीणबाईंनी मला बिडाच्या जाड भांड्यासमोर उभं केलं, हातात लाकडी उलथनं दिलं आणि म्हणाल्या, “बेबी, तुम्ही नुसतं ढवळा. थांबायचं नाही.”

हा रू. एक वाटी तेल, एक वाटी मैदा, मंद आच, आणि पाऊण तासाची नोकरी. आधी तो पांढरा असतो, मग शेंगदाण्याच्या कुटासारखा, मग जुन्या तांब्याच्या नाण्यासारखा, आणि शेवटी चॉकलेटी. तिथल्या प्रत्येक घराचा रंग ठरलेला असतो आणि शेजाऱ्याचा नेहमी चुकलेला असतो. मला तर गहिवरून आलं. हे तर बेसन भाजणं! तेच एकाच दिशेने ढवळणं, तोच हळूहळू सुटणारा खमंग वास. “लाडवाचं बेसन मी इतकी वर्षं भाजतोय,” मी जाहीर केलं. बायकोने खोकल्यासारखं केलं. मी ते बेसन भाजत नाही, ते भाजताना शेजारी उभा राहून चिमूटभर खातो, हे तिने परक्या घरात सांगितलं नाही. संसार असाच टिकतो.

वीस मिनिटं मी इमानाने ढवळलं. मग लाफायेतवाल्यांनी मला पंच नेमलं. “तुम्ही बाहेरचे. तुम्हीच सांगा, टोमॅटो हवा की नको?” बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी मत विचारलं की तो हातातलं काम खाली ठेवतो. मी उलथनं ठेवलं. घसा साफ केला. आमच्याकडे तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा दोन्ही एकाच ताटात कसे नांदतात, ते सविस्तर सांगितलं. दोन्ही पक्ष माना डोलवत होते. मी ओल्या नारळापर्यंत पोहोचलो तेव्हा शेजारीणबाईंनी नाक वर केलं.

रूमध्ये काळे ठिपके आले होते. बेसन जरासं करपलं तर आपण साखर वाढवून लाडू वळतो आणि पाहुण्यांना देतो. रूला तशी सवलत नाही. एक ठिपका आला की सगळा फेकायचा, नाहीतर अख्खं भांडं कडू. शेजारीणबाईंनी तो न बोलता ओतून टाकला. घरात मैदा अर्धी वाटीच उरला होता. दुसरा रू त्यांनी स्वतः केला, अर्धाच. म्हणाल्या, “ठीक आहे. दाटपणा भेंडी देईल.”

इथे मला भेंडी मिळाली, आणि मी त्या भांड्याला कायमचा मुकलो.

गंबो हे नावच मुळात भेंडीचं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या भाषांतला भेंडीचा शब्द त्या भांड्याला चिकटला, असं बहुतेक जाणकार मानतात. भेंडीची तार हाच त्या रश्श्याचा धागा. तिथेही भेंडी आधी जरा परततात, अति बुळबुळीत होऊ नये म्हणून, पण जरा. मला शेजारीणबाई “जरा परता” म्हणाल्या आणि टेबल मांडायला गेल्या. मराठी माणसाला भेंडी परतायला सांगणं म्हणजे ड्रायव्हरला ‘रस्ता मोकळा आहे’ सांगणं. तार हा आमचा पिढीजात शत्रू. मी एकेक भेंडी फडक्याने पुसली होती. कोरड्या सुरीने चिरली होती. तरी कढईत तार दिसलीच. मग मी खिशातून पुडी काढली. (हो, खिशातून. आमसुलं मी बरोबर घेतली होती. का, ते मला आजही सांगता येत नाही.) सात-आठ आमसुलं टाकली, आणि अर्ध्या तासात भेंडी अशी सुटी, खडखडीत, की आईने पाठ थोपटली असती.

ती भेंडी रश्श्यात पडली. रस्सा दाट झाला नाही. उलट तो जांभळट झाला आणि त्याला सोलकढीचा वास आला.

शेजारीणबाईंनी डाव वर उचलला. रस्सा डावातून पाण्यासारखा गळला. त्यांनी लाफायेतवाल्यांकडे पाहिलं, लाफायेतवाल्यांनी त्यांच्याकडे. त्या सकाळपासून पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं होतं, आणि विषय मी होतो.

मग लाफायेतवाल्यांनी कोटाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. (म्हणजे खिशात मसाले घेऊन हिंडणारा मी एकटाच नव्हतो, याचं मला बरं वाटलं.) त्यात फिले होतं, सॅसफ्रास झाडाच्या कोवळ्या पानांची हिरवट पूड. ही मूळची तिथल्या चॉक्टॉ आदिवासींची. तिनेही रस्सा दाटतो. पण शेजारीणबाईंच्या घरात नियम होता: भेंडी पडलेल्या भांड्यात फिले पडणार नाही. आईचा नियम. त्या बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग आच बंद केली, दोन चमचे फिले घालून हलवलं, आणि रस्सा खरोखर सावरला. डोळे पुसत म्हणाल्या, “आईला कळवू नका.” आई जाऊन तीस वर्षं झाली होती.

सगळे हात धुवायला गेले. स्वयंपाकघरात मी एकटा. समोर भांडं, कोमट. आता मला सांगा, रस्सा वाढण्याआधी एक उकळी काढायची, हे कुणाला शिकवावं लागतं का? माझ्या आईने, आजीने, कोल्हापुरातल्या प्रत्येक खानावळवाल्याने हेच केलं आहे. मी आच मोठी केली. छान खदखदलं.

फिले घातल्यावर रस्सा उकळायचा नसतो. उकळला की त्याला तार सुटते.

पहिला डाव शेजारीणबाईंनी माझ्याच भातावर वाढला. डाव वर गेला, आणि भातापासून डावापर्यंत हातभर लांब धागे वर आले. मी आमसुलं घालून मारलेली सगळी तार व्याजासकट परत आली होती. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही काही केलंत का?” मी धाग्यांकडे पाहत राहिलो.

चव, खरं सांगतो, वाईट नव्हती. कोंबडी मऊ होती, सॉसेजला मस्त धूर होता, आणि तो आंबटपणा मला एकट्याला आवडला.

नोव्हेंबरात पुन्हा बोलावणं आलं, ते बायकोला. मी मागोमाग गेलो. भांड्याच्या आसपास मला फिरकू दिलं नाही. काही घरांत गंबोत भाताऐवजी बटाट्याचं सॅलड घालतात. लाफायेतवाल्यांना ते हवं होतं, शेजारीणबाईंना त्याचं नावही नको होतं, आणि शेवटी एक वाडगा वेगळा करायचं ठरलं. माझ्यासमोर उकडलेले बटाटे ठेवले. “बेबी, तुम्ही नुसतं सोला.”

मी सोलत होतो. लाफायेतवाले त्यात मोहरीचा पिवळा सॉस घालत होते, आणि बटाटा, मोहरी म्हटल्यावर मला एकदम आठवलं, की घरी हिंगाची डबी आहे, आणि घर तर कुंपणापलीकडेच आहे. मी खुर्ची मागे सरकवली.

“बसा,” बायको म्हणाली.