सडपातळ सॅक

लातूर-नांदेडला बर्फ भेटतो रसवंतीत, नाहीतर २०१४ सारख्या गारपिटीत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी मागवणाऱ्या लातूरकराला हिमस्खलनाची भीती घालणं तसं अवघडच. तरी इकडची पोरं आता गुलमर्गला स्की करायला निघालीत, आणि त्यांना सॅक हवी सडपातळ. मागणी रास्त आहे. बारीक सॅक लिफ्टच्या खुर्चीत अडकत नाही, वळताना पाठीवर हेलकावत नाही. शिवाय फोटोत निदान एक वस्तू तरी सडपातळ दिसते.

हिमस्खलनासाठी आत काय हवं? घडीचं फावडं आणि जोडल्यावर अडीच-तीन मीटर होणारी शोधकाठी, दोन्ही वेगळ्या कप्प्यात, झटक्यात हाती येणारी. बर्फाखाली गाडलेल्याची आशा १५ मिनिटांनंतर झपाट्यानं घटते. तेव्हा चेनशी झटापट परवडत नाही. तिसरी वस्तू ४५७ किलोहर्ट्‌झचा ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याला शोधून देणारं रेडिओयंत्र. तो सॅकमध्ये नव्हे, अंगावर बांधायचा. गुलमर्गच्याच अफरवटच्या उतारावर २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले, म्हणून एवढं सांगायचं.

खरी मेख पुढेच. तुमचं फावडं सोबत्याला काढण्यासाठी. तुम्हाला काढणारं फावडं त्याच्या पाठीवर. म्हणजे तपासायची ती मित्राची सॅक. आपल्याकडे आठ जणांत वर्गणीचं एकच फावडं, आणि त्याच्या कप्प्यात धपाटे आधीच भरलेले.

धपाटे भरणाऱ्या आजीनं फावडं हातात घेऊन विचारलं, “तिकडं बी रोजगार हमीवरच चाललास का रं?”