ट्यूबत्यागी

दारू सोडलेला माणूस ओळखू येतो, साखर सोडलेला तर लगेच ओळखू येतो. पण मोटारसायकलची ट्यूब सोडलेला माणूस ओळखायला तुमची गाडी उभी असावी लागते. ती दिसली की हा तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसतो, व्हॉल्व्ह बोटाने हलवून बघतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "अजून ट्यूबच का?" आवाजात राग नसतो. कीव असते.

ट्यूबत्यागी पुण्यात मुबलक. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी आयटीतली, गाडी हिमालयन किंवा एक्सपल्स. रविवारी उजाडायच्या आत हा वेल्ह्याच्या दिशेने सुटतो आणि जिथे डांबर संपतं तिथे त्याचा रविवार सुरू होतो. अशा गाडीला स्पोकची चाकं लागतात. दगडावर आपटलं तर अलॉय तडकू शकतं. स्पोकचं चाक थोडं लवतं आणि सोसतं. फक्त एक भानगड असते. प्रत्येक स्पोकसाठी रिमला आरपार भोक. अशा तीस-छत्तीस भोकांतून हवा निसटू नये म्हणून आत ट्यूब.

वैराग्य कुणालाही उगीच येत नाही. ट्यूबत्यागीला ते बहुधा स्पितीत, चंद्रतालच्या वाटेवर येतं. चाक बसलं. थंडीने बोटं वळेनात, टायरची कड रिमवरून सुटेना. सुटली तेव्हा नवी ट्यूब घातली, आणि टायर चढवताना लिव्हरच्या टोकाने तीच चिमटली. ही हकिगत तो लग्नात, मुंजीत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही सांगताना आढळला आहे. प्रत्यक्ष पंक्चरपेक्षा हकिगतीला वेळ जास्त लागतो, कारण वाऱ्याचा आवाज तो तोंडाने काढून दाखवतो.

2023 साली नवी हिमालयन 450 बाजारात आली तेव्हा तिच्या चाकांत ट्यूबच होती. वर्षभराने कंपनीने तिच्यासाठी स्पोकची ट्यूबलेस चाकं काढली, तेव्हा ट्यूबत्यागीने सोसायटीत पेढे वाटले. "पटलं त्यांना शेवटी," एवढंच तो म्हणाला. जणू कंपनीचा चेन्नईहून फोन येऊन सल्लामसलत झाली होती.

त्याची स्वतःची गाडी मात्र जुनी. मग रिमचा विधी घरीच. जागा डायनिंग टेबल, कारण तिथे उजेड बरा. रिम आतून पॉलिशपेपरने घासायची, अल्कोहोलने पुसायची, प्रत्येक स्पोकच्या निपलच्या डोक्यावर सीलंट भरायचं, ते वाळू द्यायचं, वरून रुंद टेप ओढून बसवायची. "अरे, मी पोळ्या कुठे लाटू?" असं बायकोने विचारलं तर उत्तर येतं, "हात लावू नकोस, क्युअर होतंय." शेवटी रिमला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह, टायरच्या कडेला साबणाचं पाणी आणि कॉम्प्रेसरची हवा. टायरची एक बाजू ठाप्पकन रिमवर बसते, मग दुसरी. हे दोन ठाप्प सध्या त्याचा रिंगटोन आहेत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोक दचकतात.

एवढं करून त्याग अर्धाच. ट्यूबलेस टायरची कड जागेवर राहावी म्हणून रिमला आतून उंचवटा लागतो, आणि ट्यूबवाल्या बऱ्याच रिमना तो नसतो. हवा कमी झाली की टायर आत घसरण्याची भीती. पुढचं चाक वळणात असं वागलं तर रविवार तिथेच संपायचा. म्हणून शहाणा ट्यूबत्यागी मागचं चाक ट्यूबलेस करतो आणि पुढच्यात ट्यूब ठेवतो. मागे संन्यासी, पुढे संसारी. याविषयी विचारलेलं त्याला आवडत नाही. फार छेडलं तर तो ट्यूबलिसचा विषय काढतो. त्यात टायरची मोठी ट्यूब काढून रिमलगत एक बारकी ट्यूब घालायची आणि तिच्यात 100 पीएसआयच्या वर हवा मारायची. टायरची कड ती दाबून धरते. म्हणजे ट्यूब घालवायला ट्यूबच, असं कुणी म्हटलं की तो त्या माणसाला ग्रुपमधून काढतो.

ट्यूबलेसचा खरा फायदा तो खराच सांगतो. ट्यूब असताना हवा उतरवली तर दगड आणि रिम यांच्यात ती चेंगरते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर हे दुखणंच नाही. 18 पीएसआयवर टायर जमिनीला बिलगतो, मुरमावर घसरत नाही. काटा घुसला तरी हवा सावकाश जाते. हे सगळं बरोबर. पण त्यामुळे त्याच्या आयुष्यात एक पोकळी निर्माण झाली आहे. पंक्चर होत नाही! एवढा खटाटोप ज्याच्यासाठी केला तो शत्रूच फिरकत नाही. रोज सकाळी तो गेजने हवा मोजतो. काल 25 होती, आज 24. "थंडी पडली आहे," तो म्हणतो. मे महिन्यातही म्हणतो.

नाना पेठेत चाकाचा आउट काढणाऱ्या कारागिराशी त्याने संबंध तोडले आहेत. कारागिराने सवयीप्रमाणे ढिले स्पोक कसले आणि निपल फिरताच सील सुटलं. आता चाक डुगडुगतं, पण टेपला धक्का नाही.

अखेर वेल्ह्याच्या अलीकडे तो दिवस उगवला. मागच्या चाकात लांबलचक खिळा. ट्यूबत्यागीचा चेहरा असा उजळला की सोबतच्यांना वाटलं बढती मिळाली. त्याने खिळ्याचा फोटो काढला. मग खिळा उपटला, भोक कानशीने साफ केलं, चिकट स्ट्रिप सुईत ओवून आत ढकलली, उरलेलं टोक कापलं, पंपाने हवा भरली. काम पाच मिनिटांचं. पण व्हिडिओत अंगठा आडवा आला म्हणून स्ट्रिप उपटून सगळं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा उन्हाची दिशा बदलली म्हणून. समोर टायर टांगलेल्या टपरीतला पंक्चरवाला हे शांतपणे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "सायेब, ट्यूब असती तर एवढ्या वेळात दोन्ही चाकं करून दिली असती."

सामान आवरताना पिशवीतून एक कोरी ट्यूब बाहेर आली. मागच्या चाकाच्या मापाची. सगळे गप्प. "रिम वाकली तर टायरची कड हवा धरत नाही," त्याने खुलासा केला, "मग ट्यूबच घालावी लागते." हेही बरोबर.

सध्या त्याची साधना पुढच्या पायरीवर आहे. मूस. टायरमध्ये ट्यूब नको, हवाही नको. नुसतं फोमचं जाड कडं. एन्ड्युरोच्या शर्यतींत वापरतात. खिळे ठोका, पंक्चर नाही. फक्त हायवेला वेगाने चालवलं की ते तापून खराब होतं.

"मग वेल्ह्यापर्यंत जायचं कसं?"

"टेम्पोत घालून," तो म्हणाला. सेकंडहँड टेम्पो बघणं सुरू आहे. बायकोने परवानगी दिली आहे, एका अटीवर: टेम्पोची चाकं डायनिंग टेबलवर येणार नाहीत.