पैठणीची घडी मोडताना

साडीइतकं समंजस वस्त्र दुसरं नाही. साडेपाच मीटर कापड, पण ते कुणाचं माप काढत नाही. दोन बाळंतपणं होऊन जावोत, गुडघे बोलायला लागोत, साडी आपली येतेच. एखादी निरी कमी पडली तर कुणाला कळतंय!

फितूर असतो तो ब्लाउज. पूर्वी खणाची चोळी पुढे गाठ मारून घालत. बाई अंगानं भरली की गाठ सैल, वाळली की घट्ट. हुक आले आणि ही सोय गेली. आता शिंपी ब्लाउज उलटा करतो, शिवण चाचपतो आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या आवाजात सांगतो, "ताई, आतली माया संपली."

म्हणूनच माझी येवल्याची पैठणी मलमलीत गुंडाळून पडून होती. "जरा बारीक झाले की नेसेन." हातमागावरची, उलटी-सुलटी सारखीच देखणी. पदरावरचे मोर तर चांगले गुबगुबीत. त्यांना कुणी डाएट सांगितल्याचं दिसत नाही. त्यांच्याकडे बघूनच मी आत्ताच्या मापाचा ब्लाउज शिवायला टाकला, तोही बिनबाह्यांचा. शिंप्यानं "बाह्या नकोत?" असं तीनतीनदा विचारून घेतलं. सासूबाईंनी एकदाच सांगितलं, "दंड दिसतायत गं."

"दिसू देत की. दोन्ही शाबूत आहेत."

मुहूर्त धरला साध्या मंगळवारचा. मी पैठणी नेसून बाहेर आले आणि नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. चहाचा कप हातात तसाच धरून तो कालनिर्णयसमोर जाऊन उभा राहिला. लग्नाचा वाढदिवस नाही, माझा नाही, त्याच्या आईचाही नाही. "काय आहे आज?" त्यानं शेवटी शरणागती पत्करली. "पासबुक भरायचंय," मी म्हटलं. त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. दुपारी न सांगता श्रीखंड घेऊन आला.

जिन्यात सगळ्यांनी "काय विशेष?" विचारलं. "काही नाही" हे उत्तर आपल्याकडे कुणाला पटत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सोसायटीत आमच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भाजीवाल्या मावशींनी पदराकडे बघून कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांनी महाग केली. बँकेत पासबुकाचं मशीन नेहमीप्रमाणे बंद. एरवी माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मी काउंटरच्या काचेत स्वतःला बघत निवांत उभी राहिले. दंड छान दिसत होते.

तेव्हा बायांनो, बारीक व्हायची वाट बघू नका. जरीची साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली की तिथेच चिरते आणि मग ती कितीही बारीक बाईच्या उपयोगाची राहत नाही. उद्या बुधवार असेल तर बुधवारी नेसा. आणि डांबराच्या गोळ्या जरीला चिकटवून ठेवू नका, जर काळी पडते.