सातपूरचा 'जी'

प्रथम वर्ष बीएस्सीच्या वेळापत्रकात पहिला तास फिजिक्सचा दाखवलेला असला तरी त्या तासाला फिजिक्स कोणी शिकवत नाही. त्या तासाला नियम वाचायचे असतात. विभागाने काढलेला कागद पाठपोट छापलेला असतो आणि तो मी गंभीर चेहऱ्याने वाचतो. हजेरी 75 टक्के. न भरल्यास नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, आणि लिस्ट नोटीस बोर्डावर. शंभरातले 30 गुण अंतर्गत, 70 विद्यापीठाचे, पास व्हायला 40. अ‍ॅप्रन पांढरा, आणि पांढरा म्हणजे मुळात पांढरा होता असा नव्हे. जर्नलला खाकी कव्हर. आकृती डाव्या पानावर पेन्सिलीने, निरीक्षणे उजव्या पानावर पेनने. प्रयोगशाळेत मोबाइल बंद. सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू दिले जाणार नाही.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मुलं आली नाहीत तर त्यांची नावं बोर्डावर लागतात, मी आलो नाही तर माझे पैसे लागत नाहीत. निसर्गात सममिती असते, हे प्रकरण मला शिकवायला सोपं जातं.

आमची पोरं सातपूर कॉलनीतली, अशोकनगर-श्रमिकनगरची, काही थेट त्र्यंबक रोडने पलीकडच्या गावांतून येणारी. त्यातली बरीच एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. सकाळच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर जो डोकं टेकून झोपलेला असतो, तो विद्यार्थी उनाड आहे असं नवीन प्राध्यापकाला वाटतं. तो नाईट करून आलेला असतो. नियमांचं वाचन संपवून "कोणाला शंका?" विचारलं तेव्हा अशाच एकाने हात वर केला होता. "सर, 75 टक्क्यांत ओव्हरटाइम धरतात का?" मी रागावलो नाही. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरी गंमत सुरू होते ती प्रयोगशाळेत, साध्या लोलकापाशी. दोऱ्याला लटकवलेला गोळा, भिंतीला टेकवलेली मीटरपट्टी आणि चावीचं एक जुनं स्टॉपवॉच. वीस आंदोलनांना लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे 'जी', काढायचा. पोरं स्टँडपाशी जाण्याआधी एकच प्रश्न विचारतात, "सर, आन्सर किती यायला पाहिजे?" मी सांगितलं नाही तर लॅबचे मामा सांगतात. मामांची इथे इतकी वर्षं झाली आहेत की न्यूटनचं सफरचंद त्यांच्याच ट्रेमधून पडलं असावं. "नऊ पॉइंट एक्क्याऐंशी आणा," मामा म्हणतात, "सर लगेच सही देतात." मग उत्तर खाली लिहायचं, तिथून गणित उलटं चालवत वरच्या रकान्यात वेळ भरायचा आणि शेवटी लोलक हलवायचा. काही बॅचेस हा शेवटचा भाग वगळतात. जर्नल तपासायला येतं तेव्हा सगळ्या वर्गाचा गुरुत्वाकर्षणाविषयी असा काही एकविचार झालेला असतो की तो आपल्याकडे ग्रामसभेत कधी दिसत नाही.

अडचण एवढीच आहे की सातपुरात 'जी' 9.81 नसतो.

पाठ्यपुस्तकातली 9.80665 ही प्रमाण किंमत 1901 साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने फ्रान्समध्ये ठरवली, आणि ती साधारण 45 अक्षांशावर, समुद्रसपाटीला लागू पडते. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, 20 अक्षांशावर, शिवाय समुद्रापासून सहाशेएक मीटर उंच. पृथ्वी मधे फुगलेली आहे, त्यात ती फिरते, त्यामुळे इथे 'जी' 9.78 आणि 9.79 च्या दरम्यान बसतो. याचा अर्थ पपया नर्सरीपासून हाकेच्या अंतरावर बसून आमची पोरं वर्षानुवर्षं फ्रान्सचं गुरुत्वाकर्षण मोजत आहेत, आणि पासपोर्टशिवाय.

'जी' जागेनुसार बदलतो हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं तो झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. 1672 साली तो मंगळाच्या निरीक्षणासाठी दक्षिण अमेरिकेतल्या कायेन बेटावर गेला. पॅरिसमध्ये अचूक लावलेलं त्याचं लोलकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. शेवटी लोलक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड केला तेव्हा घड्याळ वठणीवर आलं. रिशेने हे जसंच्या तसं नोंदवलं. न्यूटनने पुढे 'प्रिन्सिपिया'त पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे असं मांडताना या निरीक्षणाचा आधार घेतला. रिशे आमच्याकडे एफवायला असता तर त्याच्या जर्नलवर लाल पेनने 'रिपीट' आलं असतं, आणि पृथ्वी बिचारी गोल राहिली असती.

मी हिशोब करून पाहिला. पॅरिसमधलं लोलकाचं घड्याळ सातपुरात आणून लावलं तर ते दिवसाला जवळजवळ पावणेदोन मिनिटं मागे पडेल. फर्स्ट शिफ्टला उशिरा पोचणाऱ्याने गेटवर हे कारण सांगून पाहायला हरकत नाही. वॉचमन ऐकून घेईल, पंचिंग मशीन ऐकणार नाही.

आमचे अण्णा एका कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झाले. घरी जर्नलं तपासत बसलो की ते चष्मा लावून शेजारी येतात. एकदा त्यांनी एक जर्नल उचललं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "टॉलरन्स कुठंय?"

"यात टॉलरन्स नसतो, अण्णा. हे फिजिक्स आहे."

"मग हे चेक कसं करतोस तू?"

सातपुरात हा प्रश्न कोणीही विचारेल. इथे ड्रॉइंगवर नुसतं '25 मिलिमीटर' लिहून पाठवलं तर ऑपरेटर ते हातात धरत नाही, अधिक-उणे किती ते आधी सांगा म्हणतो. मायको सर्कलला अजून मायकोच म्हणतात, कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं तरी. तिथे बनतं त्या डिझेल इंजेक्टरच्या नॉझलमध्ये सुई आणि तिच्या भोवतालची बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड. एवढ्या बारकाईच्या गावात फिजिक्सचा कोर्स हा एकच कारखाना आहे जिथे माल टॉलरन्सशिवाय पास होतो.

आणि आमच्या लोलकाचा टॉलरन्स काढला तर तो भलताच निघतो. स्टॉपवॉच दाबताना अंगठ्याला पाव सेकंदभर उशीर होतो. मीटरभर दोऱ्याच्या वीस आंदोलनांना चाळीस सेकंद लागतात. त्यात पाव सेकंदाची चूक म्हणजे 'जी' मध्ये 0.1 ची चूक. म्हणजे प्रामाणिक उत्तर 9.8, अधिक-उणे 0.1. एवढ्या जाड चाळणीतून फ्रान्स आणि सातपूर दोन्ही खाली पडतात. 9.81 आणणाऱ्या पोरांनी रीडिंग घेतलेलं नाही, याचा पुरावा त्यांच्या उत्तराची अचूकता हाच आहे.

माझं मत असं झालं की त्या पाठपोट कागदावर कव्हरच्या रंगापासून पेन्सिलीपर्यंत सगळं आहे, पण जे दिसेल ते लिहा, एवढं एक वाक्य नाही. म्हणून यंदा मी विभागप्रमुखांना विचारून तळाला एक नियम वाढवला: 'अधिक-उणे न लिहिलेलं उत्तर तपासलं जाणार नाही.' विभागप्रमुखांनी तो मान्य केला. फक्त आधी पेन्सिलीने का पेनने, ते स्पष्ट करा म्हणाले.

परिणाम तत्काळ दिसला. सगळ्या जर्नलांत 9.81 च्या पुढे अधिक-उणे 0.1 आलं. व्हायव्हाला एकाला विचारलं, हा 0.1 कसा काढलास? म्हणाला, "सर, मामांनी दिला."

एका मुलीचं जर्नल मात्र वेगळं होतं. ती संध्याकाळी एका युनिटमध्ये क्वालिटीला काम करते. तिचं उत्तर 9.6, अधिक-उणे 0.1, आणि खाली शेरा: 'इन्स्ट्रुमेंट संशयास्पद.' मी म्हटलं, रीडिंग पुन्हा घे. ती म्हणाली, "सर, तीन वेळा घेतलं. स्टॉपवॉच फास्ट आहे. मोबाइलशी दहा मिनिटं लावून बघितलं, सहा सेकंद पुढे पळतंय."

प्रयोगशाळेत मोबाइल बंद, हा नियम मला त्या क्षणी आठवला आणि मी तो आठवू दिला नाही. कागद घेऊन मांडून पाहिलं. घड्याळ शंभरात एक सेकंद पुढे, 'जी' मध्ये वेळेचा वर्ग येतो, म्हणजे दोन टक्के घट. 9.785 मधून दोन टक्के गेले की 9.6 च राहतात. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा कोणीतरी लोलकाने काहीतरी शोधून काढलं होतं, भले ते घड्याळाबद्दल असो.

तिने बॅगेतून कंपनीत वापरतात तसं लाल स्टिकर काढलं आणि स्टॉपवॉचच्या पाठीवर चिकटवलं: 'रिजेक्टेड. वापरू नये.' मामा अस्वस्थ झाले. इतकी वर्षं मुलं नापास व्हायची, घड्याळ कधी झालं नव्हतं.

मी रीतसर अर्ज केला, घड्याळ बदलून मिळावं. ऑफिसातून उत्तर आलं की ते डेड स्टॉक रजिस्टरला चढलेलं आहे. निर्लेखनासाठी समिती लागेल, समितीला बैठक लागेल, आणि वस्तू नादुरुस्त असल्याचा दाखला लागेल. घड्याळ तर चालतंय, उलट जरा जास्तच चालतंय, तेव्हा दाखला देता येत नाही. परवा डेड स्टॉकची वार्षिक तपासणी झाली. दोन प्राध्यापकांनी कपाट उघडलं, लाल स्टिकरसकट घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि रजिस्टरात लिहिलं: 'नग 1. चालू स्थितीत.'