उत्तर आधी, गणित नंतर

इंटर सायन्सच्या परीक्षेत अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशास जे गुण अपुरे पडले, ते अपुरे पडण्यामागे काही ईश्वरी संकेत असावा, असे आमच्या घरात माझ्याखेरीज कोणासही वाटले नाही. दोन दिवस सुतक पाळल्यासारखे गेले. तिसऱ्या दिवशी, कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून असलेल्या आणि फेटाळलेल्या प्रत्येक अर्जास अपिलाची तरतूद असतेच अशी श्रद्धा बाळगणाऱ्या आमच्या काकांनी, सुपारी कातरता कातरता फैसला दिला, "भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. हो. मद्रासेजवळ क्रोमपेटला सी. राजम यांनी १९४९ साली संस्था काढली आहे, तिथे बी.एस्सी. झालेल्यांना घेतात आणि तीन वर्षांत इंजिनिअर करतात." सरळ मार्गाचा तीन वर्षांचा पल्ला या वळशाने पाच वर्षांचा होत होता, पण काकांच्या दप्तरी विलंब हा दोष नसून रीतसरपणाचा पुरावा होता.

अशा रीतीने, ज्या शास्त्राकडे लोक तीर्थक्षेत्र म्हणून येतात, त्याकडे मी धर्मशाळा म्हणून आलो. तेथील पहिला मुक्काम साध्या लंबकापाशी पडला. शंभर सेंटिमीटर दोऱ्याला पितळी गोळा टांगून वीस आंदोलनांचा काळ मोजावयाचा. मी गोळा सोडतानाच 'एक' म्हणालो, त्यामुळे माझे विसावे आंदोलन वस्तुतः एकोणिसावे ठरले, घड्याळाने ३८.१ सेकंद दाखविले आणि गुरुत्वीय त्वरण ९८० च्या ऐवजी १०८८ निघाले. इतक्या ओढाळ पृथ्वीवर मी रोज सायकलीने कॉलेजची चढण कसा चढतो, हे कोडे मला पडण्यापूर्वीच शेजारच्या अनुभवी विद्यार्थ्याने कानमंत्र दिला, "आधी ९८० लिही, मग उलट गणित करून ४०.१ सेकंद काढ, आणि तक्त्यात ४०.०, ४०.२, ४०.१ असे विखरून टाक. सगळीकडे ४०.१ लिहिलेस तर सरांना शंका येते."

मला यात काही गैर दिसले नाही. काकांनी माझ्या आयुष्याचा तक्ता याच पद्धतीने मांडला होता. उत्तराच्या जागी 'इंजिनिअर' लिहून झाले होते आणि मी मधली निरीक्षणे भरीत होतो. त्यानंतरची दोन वर्षे घर्षणरहित कप्प्यांवरून वजनरहित दोऱ्या ओढण्यात अत्यंत सुखाने गेली.

त्रिचनापल्लीस भौतिकशास्त्राची पदवी घेऊन क्रोमपेटला विमानविद्या शिकलेले अब्दुल कलाम याच वाटेचे वाटसरू. मात्र ते त्या वाटेने अग्निबाणापर्यंत गेले आणि मी दक्षिणेतल्याच तशा एका संस्थेच्या कर्मशाळेत कानशीपर्यंत. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरून, घासून, त्याच्या कडा काटकोनात आणावयाच्या होत्या. दोन वर्षे नगण्य मानलेले घर्षण पाच दिवसांत तळहातावरील फोडांच्या रूपाने सव्याज वसूल झाले. सहाव्या दिवशी, ज्यांना मराठी येत नव्हती आणि ज्यांची तमिळ मला कळत नव्हती, अशा वृद्ध मेस्त्रींनी तुकड्याला गुण्या लावला, तो खिडकीकडे धरला आणि मला वाकून पाहावयास खुणावले. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढी उजेडाची रेघ येत होती, आणि ती तक्त्यात विखरून टाकण्याची काहीही सोय नव्हती.

मेस्त्रींनी तुकडा माझ्या हाती परत दिला. त्या रात्री काकांना पत्र लिहिले, "काम रीतसर चालले आहे, उजेड दिसू लागला आहे."