ठाकूरद्वार ते बेळगाव, धावत

प्रस्तुत मार्गदर्शिका ठाकूरद्वार, फणसवाडी, झावबावाडी आणि मुगभाट या परिसरातील होतकरू अग्निवीरांसाठी आहे. सातारा-कोल्हापूरकडच्यांनी ती वाचायचं कारण नाही. साताऱ्याजवळ 'अपशिंगे मिलिटरी' नावाचं गावच आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. शौर्य आपल्याकडेही आहे. ते गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत सकाळी फेटा बांधून निघतं आणि दुपारी श्रीखंडपुरी खाऊन झोपतं. त्यामुळे आपल्या चाळीतला एखादा मुलगा खरोखरच लेखी परीक्षा पास झाला आणि त्याला मैदानी चाचणीचं बोलावणं आलं, की पहिली अडचण मुलाची नसते. ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची असते.

नियम १ : काका वेळीच ओळखावेत. लेंगा, बनियन, गॅलरीत खुर्ची, हातात पेपर. आयुष्यात बेस्टच्या सुटलेल्या बसखेरीज ते कशामागेही धावलेले नाहीत. तरी बातमी कळल्याच्या संध्याकाळी ते मुलाचे प्रशिक्षक होतात. त्यासाठी त्यांना कोणी नेमावं लागत नाही. पहिल्याच दिवशी दोनशे बैठकांचा हुकूम सुटतो. दुसऱ्या दिवशी मुलगा जिना कठड्याला धरून, उलटा, एकेक पायरी मोजत उतरतो आणि काका गॅलरीतून सांगतात, "बघा, मसल तयार होतायत!" मसल वगैरे काही नाही, मांड्या धरल्यात. बैठका वीस-पंचवीसपासून सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवाव्यात, आणि चाचणीच्या आधी निदान चार महिने हाताशी ठेवावेत. हे काकांना सांगू नये. वाद वाढतो.

नियम २ : गणित आधी, घाम नंतर. अग्निवीराला १.६ किलोमीटर धावायचं असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण, त्यापुढे घसरण. चारशे मीटरचे चार फेरे धरले तर एका फेऱ्याला साडेब्याऐंशी सेकंद होतात. शिट्टी वाजताच सगळा घोळका उधळतो, पहिला फेरा सत्तर सेकंदांत मारतो आणि तिसऱ्या फेऱ्यात निम्मे जण कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत असतात. तिसरा फेराच खरा शत्रू. म्हणून आठवड्यातून एकदा चारशे-चारशेचे तुकडे ब्याऐंशीच्या हिशेबाने पळावेत, मध्ये दोन मिनिटं चालावं. एक दिवस लांब आणि सावकाश, बोलता येईल इतक्याच वेगाने. बाकीच्या दिवसांत निदान एक दिवस काहीही करू नये. विश्रांती हा व्यायामाचाच भाग आहे, हे आपल्या चाळीत सर्वांना पटतं; व्यायामाचा भाग तेवढा राहून जातो.

काकांना रॉजर बॅनिस्टर फार प्रिय आहे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्याने मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पूर्ण केला, ही हकीकत ते जणू कठड्याशी उभं राहून पाहिल्यासारखी सांगतात. पण त्या शर्यतीत ब्रॅशर आणि चॅटवे हे दोघे मित्र आळीपाळीने पुढे राहून वेग धरत होते, हे सांगायला विसरतात. कामाची गोष्ट तेवढीच आहे. आपल्यापेक्षा थोडा जोरात पळणारा मित्र गाठा. तो मिसळीवर राजी होतो.

नियम ३ : जागा. मरीन ड्राइव्ह दिसायला सुरेख, पण खाली काँक्रीट. रोज तिथेच आपटलात तर महिन्याभरात नडगी ठणकायला लागते आणि मग पंधरा दिवस घरी. चौपाटीची कोरडी वाळू पोटऱ्यांना चांगली, तीही आठवड्यातून एकदाच आणि थोडी. बाकी दिवस धोबीतलाव ओलांडून आझाद मैदान किंवा क्रॉस मैदान गाठावं. माती आहे, पायाला बरी. क्रिकेटवाले यायच्या आत उरकावं, नाहीतर चेंडू चुकवण्याचाही सराव होतो आणि त्याला गुण नाहीत.

इथे काकांबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पहाटे पाचला मैदानावर ते येतात. मफलर गुंडाळून, मुंबईत. हातात पुतण्याचा मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. मुलगा सुटतो आणि काका घड्याळ दोन-तीन सेकंद उशिरा दाबतात. शेवटी तो रेषेच्या अलीकडे असतानाच थांबवतात. पोरगं हिरमुसू नये म्हणून. "पाच चौतीस! परवापेक्षा बराच खाली आलास!" मुलाला हे माहीत आहे. तो काही बोलत नाही. वेळ मोजायला दुसरा मित्र आणि दुसरा दिवस ठेवतो. तुम्हीही तसंच करा.

नियम ४ : पुलअप्स. दहा काढले की ४० गुण, सहाच्या खाली काही खरं नाही. हात पूर्ण सरळ सोडून लोंबकळायचं आणि झोके न घेता हनुवटी दांड्याच्या वर न्यायची. एकही निघत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी वर ठेवा आणि पाच मोजत हळूहळू खाली या. ताकद येते ती या उतरण्यातून. दांडा मात्र व्यायामशाळेतला किंवा शाळेच्या मैदानातला घ्यावा. आपल्या जिन्यावरची सागवानी तुळई शंभर वर्षं जुनी आणि खालून लोखंडी टेकू लावलेली. तिच्यावरचा भार वाढवण्याआधी भाडेकरूंची सभा घ्यावी लागेल. दहीहंडीत खालच्या थरात उभे राहणारे या परीक्षेत पुढे असतात. वरच्या एक्क्यांनी वजन वाढवावं.

नियम ५ : आहार. ठाकूरद्वारला मिसळ जिथे उत्तम मिळते त्या ठिकाणाचं नाव 'विनय हेल्थ होम' आहे. यावरून तर्क करू नये. रविवारी एक प्लेट, बस्स. बाकी डाळ, उसळ, अंडी, दूध, केळी. काकांचा बदाम घ्यावा, त्यांना बरं वाटतं.

नियम ६ : कानातला मळ डॉक्टरकडून आधीच काढून घ्यावा. हसू नका, वैद्यकीय तपासणीत तो पाहतात. छाती फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. भाषण करताना वाढते ती धरत नाहीत.

नियम ७ : बराकीची तयारी. हा विषय गिरगावकराने ऑप्शनला टाकावा. भरती झालात आणि मराठा लाइट इन्फन्ट्री मिळाली तर मुक्काम बेळगावच्या केंद्रात. रेजिमेंट १७६८ सालची, म्हणजे आपल्या चाळीपेक्षाही जुनी. तिथे इतर पोरं पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येतात : पहाटेची रांग, एका बालदीत आंघोळ, शेजारच्याचं घोरणं, सगळा संसार एका ट्रंकेत, आणि कोणीतरी सतत ओरडून सांगतंय की तू चुकतोयस. आपल्या मुलाला यातलं नवीन काय आहे? सार्वजनिक संडासाच्या रांगेत तो डबा धरून लहानाचा मोठा झाला. उस्ताद ओरडला तरी पेपर वाचता वाचता ओरडत नाही, ही सुधारणाच. फक्त पायांना जड बुटांची सवय नसते. शेवटच्या महिन्यात पाठीवर पाच-सात किलोची सॅक घेऊन मलबार हिल चढावी-उतरावी, आणि मोजे ओले राहू देऊ नयेत.

नियम ८ : चाचणीच्या आदल्या रात्री घरी पाहुणे, सत्यनारायण आणि सल्ले बंद. नऊला झोप. काकांना बरोबर नेऊ नका. ते येणारच, तेव्हा पाण्याच्या बाटल्या, कागदपत्रांची पिशवी आणि मोबाइल त्यांच्याकडे द्या. मोबाइलचं चार्जिंग मात्र आधी तपासा, घड्याळ ते लावणारच आहेत.